मक्याच्या माणसांची शाळा

बालमित्रांनो, हाताची बोटं दहा आणि पायाची बोटं दहा. सगळी मिळून झाली वीस. आता सांगा पाहू, वीस बोटं म्हणजे काय? "म्हणजे एक अख्खा माणूस!" असं उत्तर तुमच्यापैकी कुणी दिलं, तर वर्गात हशा पिकेल. पण ग्वाटेमाला देशातल्या काक्चिकेल मुलांच्या भाषेत हेच उत्तर बरोबर आहे. त्यांच्या भाषेत वीसला 'हुविनाक' म्हणतात. 'हु' म्हणजे एक आणि 'विनाक' म्हणजे माणूस. एक माणूस पुरा झाला की वीस झाले! आपल्याकडेही जुन्या आज्या 'तीन विसा' म्हणजे साठ असा हिशेब करायच्या. घरी आजी-पणजी असेल तर विचारून बघा.

काक्चिकेल हे माया लोकांपैकी. माया म्हटलं की आपल्याला जंगलातली पडकी मंदिरं आठवतात आणि हे लोक केव्हाच नाहीसे झाले असं वाटतं. तसं मुळीच नाही. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत साठ लाखांहून अधिक माणसांनी आपण माया असल्याचं सांगितलं. तिथे एकदोन नव्हे, बावीस माया भाषा आहेत. देश केवढा, तर आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश!

या देशाच्या डोंगराळ भागात आतितलान नावाचं एक सरोवर आहे. महाबळेश्वरपेक्षाही उंचावर, तीनशे मीटरहून खोल आणि काठावर तीन ज्वालामुखी. सकाळी पाणी आरशासारखं शांत असतं. दुपारी 'शोकोमिल' नावाचा वारा सुटतो आणि होड्या हेलकावे खाऊ लागतात. काठावरच्या गावांपैकी एकाचं नाव सान मार्कोस ला लागुना. हे गाव 'होकोते' या आंबटगोड फळासाठी ओळखलं जातं (आपल्या अंबाड्याच्या जातीतलंच ते). आणि गंमत म्हणजे हल्ली तिथे जगभरचे पाहुणे योगासनं शिकायला येतात!

याच गावात २००७ साली एक शाळा निघाली. नाव 'एस्कुएला काराकोल'. एस्कुएला म्हणजे शाळा आणि काराकोल म्हणजे गोगलगाय किंवा तिचा शंख. आपल्याकडे शाळेला गोगलगायीचं नाव दिलं असतं, तर पालकांनी दुसरी शाळा शोधली असती! पण ही शाळा 'वॉल्डॉर्फ' पद्धतीची. या पद्धतीत घाई नाही. बी पेरल्यावर रोज उकरून बघायचं नाही, असं या शाळांचं म्हणणं.

वॉल्डॉर्फ हे नाव आलं कुठून? चक्क सिगारेटच्या कारखान्यावरून! जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात 'वॉल्डॉर्फ अस्टोरिया' नावाचा कारखाना होता. त्याचे मालक एमिल मोल्ट यांना आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती. त्यांनी रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताला गळ घातली आणि १९१९ साली पहिली शाळा सुरू झाली. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मालकाचा मुलगा आणि कामगाराची मुलगी एकाच वर्गात, आणि विणकाम मुलांनाही शिकवायचं, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. आज अशा शाळा जगभर आहेत. आपल्याकडे हैदराबादला 'स्लोका' आणि मुंबईला 'त्रिधा' या त्यापैकीच.

या शाळांत लहान वर्गांना छापील पाठ्यपुस्तक जवळजवळ नसतंच. बाई गोष्ट सांगतात. पुस्तकात बघून नाही, तोंडाने. दुसऱ्या दिवशी मुलं ती आपल्या शब्दांत पुन्हा सांगतात, मग तिचं चित्र काढतात, आणि मग कुठे दोन ओळी लिहितात. आपलं पुस्तक आपणच तयार करायचं. मेणाचे खडू, ओल्या कागदावर पसरणारे जलरंग, लोकर आणि सुया, लाकडाची बासरी हे सगळं 'मधल्या वेळचं' नसतं, अभ्यासच असतो. लहान मुलांची बासरी फक्त पाच सुरांची. आपला भूप रागही पाचच सुरांचा आहे ना? गाणं शिकणाऱ्यांनी ती सुरावट ऐकली, तर लगेच मान डोलावतील.

इथे पालकांना एक सांगते. आपल्या शाळांच्या वेळापत्रकातही चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास असतात. पण परीक्षा जवळ आली की त्यांच्या जागी गणित येतं, आणि तक्रार कुणीच करत नाही. मुलं सोडून.

आता खरी अडचण ऐका. वॉल्डॉर्फ शाळांत सणांना फार महत्त्व. वर्गाच्या एका कोपऱ्यात ऋतूचं टेबल मांडलेलं असतं, आणि वर्षभर एकामागून एक सण येतात. पण हे सण ठरले कुठे? जर्मनीत! तिथे ११ नोव्हेंबरला मुलं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात. सेंट मार्टिन नावाच्या सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, त्याची ही आठवण. तिथे नोव्हेंबरात दुपारी पाचच्या आतच अंधार पडतो. झाडं उघडीबोडकी झालेली असतात. अशा वेळी तो छोटा कंदील मुलांना केवढा धीर देत असेल!

पण सान मार्कोसला? तिथला सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा. म्हणजे आपल्यासारखंच. बर्फ नाही, पानगळ नाही. ऋतू दोनच, पावसाचा आणि कोरडा. शिवाय ग्वाटेमालात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरात संपतं. ११ नोव्हेंबरला तर मुलं सुट्टीत असतात, आणि पुष्कळांच्या घरी कॉफीची तोडणी सुरू झालेली असते. मग कंदील कुणी पेटवायचा आणि कशासाठी?

याचं उत्तर वॉल्डॉर्फ पद्धतीच्या पोटातच आहे, असं मला वाटतं. सण हा मुलाला पायाखालच्या मातीशी आणि डोक्यावरच्या आभाळाशी जोडण्यासाठी. मग माती बदलली की सणही बदलायला हवा. आणि माया लोकांकडे सणांची काय वाण!

मक्यापासूनच सुरुवात करू. मक्याला काक्चिकेल भाषेत 'इशीम' म्हणतात. माया लोकांच्या 'पोपोल वूह' या ग्रंथात माणूस कसा झाला त्याची कथा आहे. देवांनी आधी मातीची माणसं केली, ती पाण्यात विरघळली. मग लाकडाची केली. ती चालत बोलत, पण त्यांना मन नव्हतं, आणि ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांची आठवणही नव्हती. शेवटी पांढरा आणि पिवळा मका दळून त्या पिठाची माणसं केली, तेव्हा कुठे जमलं. मका तिथे चार रंगांचा असतो. पांढरा, पिवळा, लाल आणि काळा. चार दिशांचे रंगही हेच. रोजच्या जेवणात मक्याची 'तोर्तिया' हवीच. दिसायला आपल्या भाकरीची धाकटी बहीण, पण करायची रीत निराळी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, भिजत ठेवायचा, मग धुऊन वाटायचा आणि हातावर थापून तव्यावर भाजायचा. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी मका उचलला, पण चुना विसरले. त्यामुळे तिथली मक्यावरच जगणारी गरीब माणसं पुढे पेलाग्रा नावाच्या रोगाने आजारी पडली!

तर असा हा मका साधारण मे महिन्यात, पहिल्या पावसावर पेरतात. त्याच्या शेजारी घेवडा आणि भोपळा. घेवडा मक्याला धरून वर चढतो आणि जमिनीला खत देतो, भोपळ्याची पानं ओल टिकवतात. वॉल्डॉर्फच्या अभ्यासक्रमात नऊ वर्षांच्या मुलांना शेती आणि घरबांधणी हे विषय असतात. जर्मनीतल्या मुलाला त्यासाठी शहराबाहेर शेत शोधावं लागतं. सान मार्कोसच्या मुलाला काय, घराचं दार उघडलं की धडा समोर! आणि ज्या वडिलांना शाळेत जायला मिळालं नाही, ते या धड्यात गुरुजींपेक्षाही हुशार निघतात.

पावसाच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा येतो. स्पॅनिश लोक १५२४ साली या देशात शिरले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा धर्मही. तेव्हापासून दोन्ही परंपरा एकमेकींत विणल्या गेल्या. या आठवड्यात रस्त्यांवर रंगवलेल्या लाकडी भुशाचे, फुलांचे आणि पाइनच्या पानांचे गालिचे घालतात. अगदी रांगोळीचे गालिचे म्हणा ना! रात्रभर जागून काढायचे, आणि सकाळी मिरवणूक त्यावरून चालत गेली की पुसले जाणार. आपल्याकडे पालखीच्या वाटेवरच्या रांगोळीचं हेच होतं. वॉल्डॉर्फ शाळेत पहिलीपासून रेषांचं एक खास चित्रकाम असतं, मोठमोठी वळणं, वेटोळी, गाठी, एका दमात काढायची. घरी आईबरोबर भुशाचा गालिचा घातलेल्या मुलाला ते शिकवायची फारशी गरज पडत नसावी.

माया लोकांचं पंचांगही मजेदार. त्यांची एक दिनदर्शिका ३६५ दिवसांची, आणि दुसरी पूजापाठाची, २६० दिवसांची. या दुसरीला 'चोल्कीह' म्हणतात. वीस दिवसांची वीस नावं आणि एक ते तेरा आकडे. दोन्ही चक्रं एकदम फिरतात. आज 'सात अमुक', तर उद्या 'आठ तमुक'. वीस गुणिले तेरा, करा गुणाकार! बाळ आईच्या पोटात साधारण तेवढेच दिवस असतं, असं तिथले जाणते सांगतात. आपल्याकडे जन्मनक्षत्र बघतात, तसं तिथे जन्मदिवसाचं नाव बघतात आणि मुलाचा स्वभाव कसा असेल ते सांगतात. (खरं ठरतं का? ते तुमच्या नक्षत्राइतकंच!)

या चक्रातला एक मोठा दिवस म्हणजे 'आठ बात्स'. दर २६० दिवसांनी येतो. ग्वाटेमालाच्या डोंगरात त्या दिवशी अग्नी पेटवून प्रार्थना करतात आणि नवं चक्र सुरू झालं असं मानतात. 'बात्स' या शब्दाचे अर्थ दोन, माकड आणि सूत. चमत्कारिक जोडी वाटली ना? पण पोपोल वूहमध्ये हुन बात्स आणि हुन चोवेन असे दोन भाऊ आहेत. बासरी वाजवणारे, गाणारे, लिहिणारे, कोरीव काम करणारे. धाकट्या सावत्र भावांचा हेवा केला म्हणून ते माकडं झाले. तरीही कलावंत त्यांची आठवण काढतातच. म्हणजे बात्स हा कलांचा दिवस. सूत, गाणं, चित्र, लेखन सगळ्यांचा. हातांनी शिकवणाऱ्या शाळेला याहून चांगला सण जर्मनीतून आणून तरी सापडला असता का?

सुताचं नाव निघालंच आहे तर माग बघू. माया बायका जो माग वापरतात त्याला चौकटच नसते. उभ्या धाग्यांचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं आणि दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. मागे रेललं की धागे ताणले जातात, पुढे झुकलं की सैल पडतात. विणणारी स्वतःच मागाचा एक भाग! काम झालं की गुंडाळून काखेत मारायचा. आपल्या नागालँडमध्येही असा माग आहे. यावर विणलेल्या पोलक्यासारख्या वस्त्राला 'विपिल' म्हणतात. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी, त्यामुळे विपिल बघून बाई कुठल्या गावची ते ओळखता यायचं. शेजारच्या सान हुआन गावात झाडापाल्याच्या रंगांनी सूत रंगवणाऱ्या बायकांचे गट आहेत. निळा रंग नीळीच्या झाडाचा. लाल मात्र निवडुंगावरच्या एका इवल्याशा किड्याचा!

वॉल्डॉर्फ शाळेत मुलगे सुया घेऊन विणायला बसतात याचं आपल्याकडे हसू येईल. ग्वाटेमालातल्या तोदोस सांतोस गावात पुरुषच आकड्याच्या सुईने खांद्याच्या पिशव्या विणतात. तिथल्या मुलाला त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तर घरीच आहे. मग शाळेत कशाला? मित्रांनो, याचं उत्तर जरा जड आहे, पण तुम्हाला समजेल. या देशात १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षं यादवी युद्ध चाललं. दोन लाखांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यात बहुतेक माया होती. विपिलवरून गाव ओळखू येतं म्हणून कित्येक बायकांनी भीतीपोटी ते घालणंच सोडलं. शाळा स्पॅनिश भाषेत. घरची भाषा वर्गात बोलली तर शिक्षा व्हायची, अशा आठवणी तिथली मोठी माणसं सांगतात. १९९२ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू या माया बाईंनी मोठ्या झाल्यावर स्पॅनिश शिकून आपल्या लोकांची कहाणी जगाला सांगितली. माया भाषांना कायद्याने राष्ट्रीय भाषेचा मान मिळाला तो २००३ साली. म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आजीने आपली भाषा लपवली, कदाचित आईनेही. आपल्याला बोलणं खावं लागलं ते मुलांच्या वाट्याला नको, म्हणून आईबाप घरातही स्पॅनिशच बोलू लागतात. घरचं घरीच टिकेल, असं मग म्हणता येत नाही.

म्हणून शाळेच्या फळ्यावर 'इशीम' हा शब्द येणं ही साधी गोष्ट नाही. 'माल्त्योश' म्हणजे 'आभारी आहे'. सणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मुलं असं काक्चिकेलमध्ये म्हणाली, तर आजीला काय वाटत असेल?

अर्थात वॉल्डॉर्फचं सगळं गोडच आहे असं नाही, आणि पालकांनी तेही जाणून घ्यावं. या शाळांत अक्षरं उशिरा, सातव्या वर्षाच्या आसपास सुरू होतात. स्वतः निरक्षर राहिलेल्या बापाला "माझं पोर वाचणार कधी?" ही धास्ती वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. स्टायनर यांच्या काही लेखनात मानववंशांना उच्चनीच लेखणारी मतं आहेत. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेने २००७ साली जाहीर निवेदन काढून वंशभेदाला आपला विरोध स्पष्ट केला. म्हणूनच माया गावात ही पद्धत आली की डोळे उघडे ठेवून बघायला हवं, कोण कुणाकडून शिकतंय. गावाने पाहुण्यांचे कंदील नुसते धरायचे, की पाहुण्यांनी गावाचं पंचांग शिकायचं?

आमच्या डी.एड.च्या अभ्यासात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं हाती घेतली. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी टाकली नाही, पण तिला वारली पाड्यावर चालायला शिकवलं. सान मार्कोसचा प्रश्न मला त्यामुळे परका वाटत नाही.

शेवटी ज्याची मुलं वाट बघतात तो सण. ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, वारा सुटतो आणि शाळाही सुटते. डोंगरातल्या सगळ्या गावांवर पतंग दिसू लागतात. आणि १ नोव्हेंबरला सुमपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या काक्चिकेल गावांत जे पतंग निघतात, ते बघून आपल्या संक्रांतीचे पतंग चिमण्यांएवढे वाटतील. काही तर वीस मीटरपर्यंत! म्हणजे पाच-सहा मजली घराएवढा पतंग. तो उडत नाही, बांबूच्या सांगाड्यावर उभा करतात. त्याहून लहान असतात ते मात्र उडतात. गावातली तरुण मंडळी कित्येक आठवडे रात्री जागून पातळ रंगीत कागदाचे हजारो तुकडे चिकटवतात. जुन्या रीतीत खळ कशाची, तर कसावाच्या पिठाची. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तोच! आणि दोरी घायपाताच्या वाखाची. चित्रं मक्याची, आजीची, पक्ष्यांची, आणि कधी कधी सरकारला जाब विचारणारीसुद्धा. २०२४ साली युनेस्कोने या पतंगांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला.

हे पतंग कुठे उडवतात माहीत आहे? दफनभूमीत. तो दिवस वाडवडिलांचा. थडगी धुऊन फुलांनी सजवतात, घरची माणसं तिथेच डबे सोडून जेवतात आणि वर पतंग फडफडत असतात. त्या कागदाच्या झालरींच्या आवाजाने दुष्ट आत्मे पळतात आणि दोरीवरून पूर्वजांना निरोप जातो, असं मानतात. पतंग गोत खाऊ लागला की पोरं थडग्यांच्या मधून ओरडत धावतात, आणि मोठी माणसं त्यांना रागवत नाहीत. कोणत्या भाषेत ओरडायचं, हे त्या दिवशी कुणी सांगायला येत नाही.